फिलूची बंगलोर ब्लू

मैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत फिलूच्या डब्यातली काळी द्राक्षं खाऊन आपण बिया लांब थुंकायची शर्यत लावायचो, आठवतं? जाड सालीची, आंबट, बाजारात कुणी विचारत नसलेली बंगलोर ब्लू. "खायची नाहीत गो ती, वाइनची आहेत," फिलू ओरडायची.

पुढे ऐंशीच्या दशकात, एका नाताळाआधी, तिने त्याच द्राक्षांची शेवटची बरणी लावली. त्यांच्या घरचा नियम होता, जिने बरणी लावली तिनेच एकवीस दिवस रोज ढवळायची. नवव्या दिवशी फिलू तापाने गेली. तिची आई बरणीकडे बघेना, म्हणून उरलेले बारा दिवस मी ढवळली. गाळून तीन बाटल्या भरल्या, तेव्हा आंटी, फिलूची आई, म्हणाल्या, "हात बदललास गो पोरी. आता शिरका होणार त्याचा."

त्या धास्तीने मी आजवर एकही बाटली उघडली नाही. तिचं शेवटचं काम माझ्या हाताने नासलं असेल तर?

आज दुपारी धीर करून एक उघडली. शिरका झाला नव्हता. रंग विटला होता, पण वास त्या द्राक्षांचाच, दाट आणि गोड. पहिल्या घोटाला पाठीमागे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही.

उघडलेली बाटली उद्या संध्याकाळी माझ्याकडे. जिला फिलू आठवते तिने यावं. दुसरी भाट्ये गावात तिच्या भावाला द्यायची. तिसरी फिलू आणि आता तिच्या शेजारीच असलेल्या आंटी, दोघींच्या थडग्यांवर ओतायची. माझ्याकडून राहून गेलं तर तुमच्यापैकी कुणीतरी करा, पण आधी आंटींना द्या. त्यांना कळू दे.