पुढच्या फळीवरच्या पेशी

थोरली म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी बाई. अंड्यातल्या पिल्लाच्या यकृताच्या पेशी काचेच्या चपट्या बाटल्यांत घालायच्या, इनक्युबेटरच्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि तळहातावरच्या फोडासारख्या जपायच्या, हे तिचं काम. पुढे निम्म्या बाटल्यांत बुरशीच्या विषाचे थेंब सोडायचे. बुरसटलेला मका खाऊन कोंबड्या कशा मरतात, ते त्यातून कळायचं. उरलेल्या निम्म्यांना विष द्यायचं नाही. त्या जगल्याच पाहिजेत. त्याच मेल्या तर ताडून बघायचं कशाशी? सगळंच मुसळ केरात.

पेशीघराची किल्ली इतकी वर्षं थोरलीच्याच खिशात. आणि तिनं स्वतःच्या हातानं काय करावं? धाकट्या जावेला तिथं चिकटवून दिलं! घरात बसून कंटाळते म्हणाली, म्हणून. तेव्हापासून दोघी जावांना तिथं सगळे थोरली आणि धाकटीच म्हणू लागले.

आता धाकटीच्या हाताला काय गुण होता, देव जाणे! तिच्या पेशी बाटलीच्या तळाशी गच्च दाटी करून बसायच्या. थोरलीच्याही वाढायच्या हो, पण रडतखडत. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून विचारायच्या, "वा! या कोणाच्या?" की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. घरी सासूचंही तेच, "धाकटीच्या हातचा चहा वेगळाच लागतो गं." म्हणजे चहासुद्धा!

अशात बाईंनी एकदाचं सांगून टाकलं, "या खेपेला दोघी वेगवेगळा प्रयोग लावा. जिचा नीट उतरेल, तिच्याकडे पेशीघर."

थोरलीच्या पायाखालची वाळू सरकली. पण मान मोठीचा! तिनं कपाटात आपल्या बाटल्या पुढच्या फळीवर, अगदी दाराशी ऐटीत मांडल्या आणि धाकटीच्या ढकलल्या पार मागच्या कोपऱ्यात. झालं, मग हिच्या जिवाला चैन पडेना. धाकटी जरा बाहेर गेली की ही दार उघडायची, आत डोकावून मागच्या बाटल्या निरखायची. मेल्या का? नाही मेल्या. जेवायला जाताना पुन्हा दार, जेवून आल्यावर पुन्हा दार. आता तरी? छे, टवटवीत! "मरा ना गं एकदाच्या," असंसुद्धा ती पुटपुटली.

निकालाच्या सकाळी बाईंनी बाटल्या बघितल्या. धाकटीच्या विष दिलेल्या पेशी आक्रसलेल्या, न दिलेल्या छान जगलेल्या. जसं व्हायला हवं तसंच. थोरलीच्या मात्र विष न दिलेल्याही तळापासून सुटून तरंगत होत्या.

"हिच्याकडून माझ्या बाटल्यांत विष उडालं असणार," थोरली तडकली. "हिचा हात सैल! मी आधीच म्हटलं होतं." म्हटलंबिटलं काही नव्हतं.

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं पुढच्या फळीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. दार सारखं उघडलं की ऊब जाते आणि पहिला दणका पुढच्या फळीला बसतो, हे धाकटीला पहिल्याच दिवशी शिकवलं कोणी? थोरलीनंच! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?

"विष नाही उडालं, बाई," धाकटी म्हणाली. "माझ्याकडून दार सारखं उघडलं गेलं. ताईंच्या बाटल्या पुढे होत्या, त्या गारठल्या. त्यांची काही चूक नाही."

बाईंनी धाकटीला चांगलं फैलावर घेतलं आणि किल्ली थोरलीकडेच राहू द्या म्हणून निघून गेल्या.

"अगं, खोटं का बोललीस?" थोरलीनं हळूच विचारलं.

"तुमच्यामुळे मी घराबाहेर पडले, ताई. किल्ली तुमचीच," एवढंच बोलून धाकटी बाटल्या धुवायला लागली.

थोरलीनं खिशातली किल्ली घट्ट धरली. वाटलं, हिच्या गळ्यात पडून रडावं. पण त्याआधीच पोटात ते जुनं दुखणं उठलं. मेली चांगुलपणातसुद्धा पुढेच! देवा, हिला एकदा तरी माझ्याशी वाईट वागू दे रे.