निळं म्हणजे पाणी

दोन हजार एकोणीस साल, माझं वय एकसष्ट. शिक्षण सातवी, पण शिपायाचा फौजदार झालो तो स्वतःच्या हिमतीवर. निवृत्तीनंतर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून सौदीत, हाइल शहराच्या पलीकडे, डोंगरांनी वेढलेल्या उंच वाळवंटात, एका सर्वे कॅम्पवर सिक्युरिटीला गेलो. तिथली एक मिसिंगची केस डोक्यातून अजून जात नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एक पाइप फिटर जेवायला आला नाही. आमच्या कोकणातला, खाडीकाठचा. मॅनेजर म्हणाला, "भाग गया साला. शाम को कफील को बोलता हूँ." कफील म्हणजे व्हिसा देणारा मालक. त्याला तसं कळवलं की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द, आणि पळालेल्याला शोधतो कोण? उन्हात मेला असता. मी म्हणालो, "पहले जबाब, फिर रिपोर्ट."

त्याच्या खोलीतल्या वेल्डरला समोर बसवलं. तो हसू दाबत होता. असा साक्षीदार काहीतरी गिळून बसलेला असतो.

"काय नेलंन त्यानं?"

"पाण्याची बाटली, टॉवेल... नि गरी."

"मासे धरायची गरी? हितं?"

"म्हणून तर बोललो नाय साहेब. लोक येडा म्हणतील त्याला."

मी उठून ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशासमोर गेलो. त्यावरच्या उंचीच्या रेघा साताऱ्याच्या सर्वेअरने मला शिकवल्या होत्या. दाट तिथे चढ, विरळ तिथे सपाट. मधोमध एक निळा डाग, आणि त्यावर ग्रीसच्या बोटांचे ठसे.

"हे तळं?" मी सर्वेअरला बोलावून विचारलं.

"काका, कड तुटक आहे बघा. पाऊस झाला तरच भरतं. एरवी ठणठणीत कोरडं."

"त्याला काय ठाऊक? त्याच्या लेखी निळं म्हणजे पाणी."

त्या डागाकडे जाणाऱ्या एकाच खिंडीत रेघा विरळ होत्या. एका बाटलीवर निघालेला माणूस चढ टाळतो. "यल्ला, गाडी काढा."

उन्हं कलताना तो सापडला. भेगाळलेल्या चिखलाच्या कडेला, खडकाच्या सावलीत, डोक्यावर टॉवेल. ओठ फुटलेले. घोटभर पाणी पोटात गेल्यावर म्हणाला, "साहेब, नकाशात होतं हो."

नोकरीभर मी मिसिंगच्या तपासात विचारत आलो, कोणापासून पळाला? हा काय बघायला गेला, हे विचारायला मला वाळवंटात यावं लागलं. रोज सकाळी चहा पिताना मीही त्याच निळ्याकडे बघायचो, हे मात्र कोणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पेन्सिल घेतली आणि त्या डागावर ठळक लिहिलं, "पाणी नाही".

सर्वेअर ओरडला, "काका, कंपनीचा नकाशा आहे!"

"असू दे."

फिटर मागे येऊन उभा राहिला. वाचलं. "कधीच नाय, साहेब?"

मी पेन्सिल परत उचलली आणि अलीकडे एक शब्द वाढवला, "सध्या".