कोकरे मॅडमचा एडिटर

नवं कॉम्प्युटर मशीन आलं की कोकरे मॅडम त्यावर सगळ्यात आधी स्वतःचा एडिटर चढवायच्या. एडिटर म्हणजे कोड आणि सेटिंगच्या फाइली लिहायचं साधं सॉफ्टवेअर. ते तयार मिळतं, फुकट मिळतं, एका आज्ञेत बसतं. पण मॅडमना तयार चालायचं नाही. त्या मूळ कोड आणून तिथल्या तिथे कंपाइल करायच्या, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर घडवायच्या, आणि तोवर मालक जरी आले तरी त्यांनी उभं राहायचं.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला मी त्यांच्या हाताखाली लागलो. मॅडम मूळच्या सुप्याकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. मीटिंगमध्ये पुस्तकी बोलायच्या, मशीनपुढे बसल्या की गावचं. आमच्याकडे लिनक्स होतं, बीएसडी होतं, डिझाइनवाल्यांकडे मॅक होते. सगळ्या युनिक्सच्याच घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिम. तरी एकीकडे बिनतक्रार कंपाइल झालेला कोड दुसरीकडे अडायचा. मी वैतागलो की म्हणायच्या, "भावकी हाय ही. आडनाव एक, पर चुली निराळ्या. ज्याच्या घरात जाल त्याच्या रीतीनं वागा."

कंपाइल करण्याआधी मशीनवर काय आहे, काय नाही याची तपासणी स्क्रीनवर सरकत जाते. त्या वेळी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "आमचं तात्या मेंढरं आत घेताना वाडग्याच्या तोंडाशी मोजायचं, तवा आमी श्वास धरायचो. गप बसा जरा."

हा सगळा हट्ट आहे असंच मी धरून चाललो होतो. एकदा जेवताना त्यांनी सहज कारण सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, नजर कमी होत चालली होती. म्हणून त्यांनी एडिटरच्या कोडमध्ये स्वतःची भर घातली होती. ज्या ओळीवर काम चाललंय तिच्या वर-खाली मोकळी जागा सुटायची आणि तिची अक्षरं विरळ व्हायची. तयार एडिटरमध्ये ही सोय कुठली असायला! "ही ओळ दिसतीया तंवर मी कामाची," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "त्याफुडं न्हाय." मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, तर त्यांनी चटणी पुढे केली.

कंपाइल होताना येणाऱ्या इशाऱ्यांबाबत त्या फार कडक होत्या. नुसता इशारा असेल तर काम अडत नाही, म्हणून आम्ही पोरं काणाडोळा करायचो. "घरातलं म्हातारं खोकलं तर उठून बघावं," त्या सुनवायच्या. "आज नुसतं खोकतंय."

मागच्या वर्षी बीएसडीचं जुनं मशीन बदललं. नव्या मशीनचा कंपायलर कडक होता, आणि मॅडमचा एडिटर तिथे अडला. मी चुका वाचल्या आणि हसू दाबलं. अडलं होतं मॅडमच्याच भरीत! पुढे वापरलेल्या एका फंक्शनची आगाऊ घोषणा त्यांनी वर लिहिलीच नव्हती. जुने कंपायलर नुसता इशारा देऊन सोडून द्यायचे, आणि इतकी वर्षं बाईंनी तो कानाआड केला होता.

"व्हय का?" त्या खळखळून हसल्या. "दुसऱ्याच्या घरात लई डोकावले की मी! वाचा, काय म्हणतोय त्यो?"

मी वाचत गेलो. त्या ऐकून सांगत गेल्या, कुठली फाइल, कुठली ओळ. एडिटर तयार झाला. त्यांनी एक फाइल उघडली आणि नाक काचेला लागेल इतक्या वाकल्या.

"ओळ सुटलीया का मोकळी?"

"सुटलीय, मॅडम. अगदी पहिल्यासारखी."

त्या बराच वेळ तशाच वाकून होत्या. मग सरळ बसल्या.

"मंग चूक कोडात न्हाय," म्हणाल्या.

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "माझी भर काढून टाका. हितनं फुडं तुमी बसणार, तुमच्या डोळ्याला लागंल तसा करून घ्या."

मी नको म्हणालो. त्या ऐकेनात. शेवटी भर काढली, पुन्हा कंपाइल केलं. एकही इशारा आला नाही. फाइल उघडली, तर ओळी एकमेकींना चिकटून नेहमीसारख्या उभ्या.

"दिसतंय का नीट?" मॅडमनी विचारलं.

"दिसतंय," मी म्हणालो. एवढं साधं उत्तर देताना मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.