साहेब गप्प बसले तेव्हा

सिंगापूरच्या आमच्या रेस्टॉरंटात वाइनचं सगळं बघणारे साहेब पुण्याचे. कुणी बोलू लागलं की मध्येच म्हणणार, "थांब, मी सांगतो." नववीतच शाळा सोडलेल्या, त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मला त्याचा आधारच वाटायचा.

वाइन निवडायला त्यांनी मला फ्रान्सला नेलं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या गावात. म्हाताऱ्या बागायतदाराने पेला देऊन मला चव विचारली. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब मात्र गप्प. मग हळूच म्हणाले, "चव राहू दे रे. निफाडच्या द्राक्षबागेतला ना तू? वेल छाटताना काडीवर फुटीचे डोळे किती ठेवता, ते दाखव त्याला."

मी वेलीपाशी जाऊन बोटाने दाखवलं. म्हातारा हसला आणि त्याने कात्रीच माझ्या हातात दिली.

परवा एका गिऱ्हाइकाने त्याच गावाबद्दल विचारलं. साहेबांनी सवयीने तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"थांबा, हा सांगेल."