शरदने वाचवलेली मेमरी

शरद गेला, आणि श्रद्धांजलीच्या फोटोत त्याने घातलेला टाय माझा आहे.

मरून, तिरक्या पट्ट्यांचा. एका मुलाखतीपुरता नेला होता. सदर टाय परत न करता इहलोक सोडणे शिष्टाचारास धरून नाही, अशी माझी नम्र तक्रार आहे.

असो.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं अंधेरीच्या एका इंजिनीअरिंग फर्ममध्ये फॉरट्रान या भाषेत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचो. पाण्याच्या उंच टाक्यांची गणितं. मुख्य प्रोग्रॅम माझा, त्याने बोलावून वापरायचं, समीकरणं सोडवणारं सबरूटीन शरदचं.

फॉरट्रानमध्ये आपला आकड्यांचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, दुसऱ्याच्या सबरूटीनला दिला की त्याची प्रत जात नाही. मूळच त्याच्या हाती पडतं.

म्हणून विचारलं होतं, "शरद, माझ्या मॅट्रिक्सला हात लावणार नाहीस ना?"

"नाही रे पंडित. आधी कॉपी करतो. काय ती तोडफोड कॉपीत."

मी पार्ल्याच्या पाठशाळेत शिकलेला. मूळ पोथीवर टिंबसुद्धा द्यायचं नाही, जे करायचं ते नकलेत, हे छडी खाऊन पाठ झालेलं. मला उत्तर पटलं.

रिकाम्या टाकीचं गणित बरोबर आलं. भरलेल्या टाकीचं, त्याच मॅट्रिक्सवरून, साफ चुकलं. क्लायंटच्या म्हाताऱ्या इंजिनीअरने हाताने आकडेमोड करून ते पकडलं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मेन प्रोग्रॅम कोणाचा?"

"माझा."

शरद शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता.

मला ड्रॉइंग तपासायला बसवलं. त्याला ट्रॉम्बेचं मोठं काम मिळालं.

महिन्याभराने त्याच्या कोडचं प्रिंटआउट हाती लागलं. कॉपी करणाऱ्या तिन्ही ओळींच्या सुरुवातीला इंग्रजी सी टाकलेला. सी टाकला की मशीन ती ओळ सोडून देतं. म्हणजे रिकाम्या टाकीच्या गणितातच माझ्या मूळ मॅट्रिक्सची तोडफोड झाली होती.

ओळी खोडल्याही नव्हत्या. नुसत्या गप्प केल्या होत्या.

शरदला विचारलं, तर म्हणाला, "मेमरी पुरत नव्हती यार. दोन मॅट्रिक्स मावेनात. सांगणार होतो."

"कधी?"

"सांगणार होतो ना!"

मी भांडलो नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकत्र चहा प्यायलो. आज त्या मीटिंगचा विषय काढेल, आज माफी मागेल, असं दर वेळी वाटायचं. तो साखर जास्त झाली म्हणायचा.

शरद, सुखाने जा. राग आहे, तो राहू दे माझ्यापाशी.

पण दहिसरची टाकी आपण ही चूक पकडली जाण्याआधी त्याच सबरूटीनवर केली होती. "मी पुन्हा तपासलीय, ओके आहे," नंतर म्हणालास. मी कागद मागितले नाहीत.

टाकी अजून उभी आहे. तिच्याखाली लोक राहतात.

तू खरंच तपासली होतीस का, मला माहीत नाही. मला भीती वाटते.