पिंपातलं तीन दिवसांचं पाणी

मंडळी, आज सकाळी आमच्या म्हशीने मला गप्प केलं.

मुरबाडकडच्या आमच्या गावात टँकर येईना. आई राखेने भांडी घासते आणि ती धुतलेलं पाणी रोजच्या रोज म्हशीला पाजते. मीच शहाणपणा केला. म्हटलं, "ओढ्यात डबकं आहे तोवर तिला तिकडे ने. हे पिंपात साठव आणि झाकण घट्ट लाव, घाण होणार नाय."

काल डबकं आटलं. आज झाकण काढलं, तर कोंडलेलं पाणी काळं आणि गटाराचा वास. तहानलेल्या म्हशीने हुंगून तोंड फिरवलं. ताजं असताना ती हेच पाणी घटाघटा प्यायची.

मी पिंप कलतं करायला गेलो. आईने हात धरला.

"ओतू नको रे. उद्या पण टँकर नाय आला तर?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी पिंप सरळ केलं. तिने झाकण परत घट्ट लावलं.