कपाभोवतीची जागा

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. सुरुवात नणंदेने केली. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा धाकटी नणंद दुकानाच्या पायरीवर विणत बसायची आणि दिवसभर हाका मारायची. "वहिनी, चहा." "वहिनी, हे टोक धरा जरा." ऐकून ऐकून समोरचे कुंभारकाका वहिनी म्हणू लागले. मग साबणवाली, मग सुतार. दुप्पट वयाची माणसंही म्हणू लागली.

वहिनी पुठ्ठ्याच्या पेट्या करायची. चष्म्यांच्या, बुटांच्या, बाहुल्यांच्या. लोक आतली वस्तू ठेवून घेत आणि पेटी टाकून देत. काही जण तिच्यात बटणं ठेवत. कुणाच्या घरी आपल्या पेटीत बटणं दिसली की वहिनीचा दिवस चांगला जायचा.

दुकानात पट्टी होती, पण ती नवऱ्याची. वहिनी माप घेत नसे. "आकडे नका सांगू, वस्तू द्या," म्हणायची. वस्तू हातात घेऊन दोनतीनदा फिरवायची आणि तिच्याभोवती पुठ्ठा दुमडत जायची. पहिली पेटी अशी हाताने व्हायची. मग नवरा ती उलगडून, तिच्यावरून बाकीच्या कापायचा. वस्तू आत ठेवली की वहिनी पेटी कानाशी धरून हलवायची. आवाज आला तर पेटी नापास.

हमरस्त्यावर मोठं दुकान झालं, तेव्हापासून गल्लीत गिऱ्हाईक वळेनासं झालं होतं. वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की लोक हातात मोठ्या दुकानाच्या पिशव्या घेऊन गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे जात. कुंभारकाकांनी तर सांगूनच टाकलं होतं, की ही भट्टी शेवटची. पुढे मुलीकडे जाऊन स्वस्थ बसणार.

रस्त्याच्या टोकाला एक ऑफिस होतं. तिथल्या बाई फायलींच्या पेट्या करून घ्यायला यायच्या. वहिनीने एकदा सहज विचारलं, "सुट्टीला जाताना तुमच्या माणसांना काय देता?"

"काचेचे पेले. मोठ्या दुकानातून. निम्मे फुटून येतात, उरलेले लोक दुसऱ्यांच्या गळ्यात मारतात."

"या वर्षी आमची गल्ली द्या."

"गल्ली कशी देणार?"

"पेटीत घालून."

बाई हसल्या. पण आठवड्याने परत आल्या. साहेबांना त्यांनी कसंबसं पटवलं होतं. "एकच सांगते. फुटकं काही गेलं, तर पुढच्या वर्षी माझं कुणी ऐकणार नाही. परत पेलेच."

"फुटणार नाही," वहिनी म्हणाली. बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण सगळ्या गल्लीच्या वतीने शब्द दिलाय.

पेटीत काय घालायचं ते दुकानाच्या पायरीवरच ठरलं. कुंभारकाकांचे दोन बिनकानाचे कप, साबणवालीची वडी, सुताराचा लाकडी चमचा. प्रत्येकाला आपापला कप्पा. नणंद सगळं ऐकत होती. सुया थांबवून म्हणाली, "आणि माझं काय?"

"वन्सं, लोकरीला आकार नसतो. तिच्याभोवती पुठ्ठा कसा दुमडू?"

वहिनी कामापुरतं बोलली होती. नणंदेला ते वर्मी लागलं. तिने अबोला धरला. एकाच घरात राहायचं, एकाच पायरीवर बसायचं, पण वहिनी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काही सांगायचं झालं तर भावामार्फत.

"दादा, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय."

"अगं, ती इथेच उभी आहे."

"म्हणूनच सांगितलं. लवकर पोचेल."

दादा दोघींच्या मधे पुठ्ठा कापत राहिला. त्याला पुठ्ठ्याचं बरं वाटायचं. पुठ्ठा बोलत नाही.

पहिल्या पेटीसाठी वहिनीने प्रत्येकाकडून वस्तू मागून आणली. कुंभारकाकांनी फळीवरचा एक कप तिच्या हातात ठेवला. राखाडी, गार, जरासा जड. "रंग यायचाय अजून," ते म्हणाले. वहिनीने तो जपून धरला, कप्पा दुमडला आणि कप परत केला. कपासाठी तिने याआधी कधी पेटी केली नव्हती. कुंभारकाका आपला माल रद्दीत गुंडाळून देत. पेटी नेमकी बसली. नवऱ्याने बाकीच्या कापल्या. रचलेल्या पेट्यांनी खोली छतापर्यंत भरली.

पेट्या न्यायला दुपारी गाडी यायची होती. त्या सकाळी कुंभारकाका भट्टीतून काढलेले कप घेऊन आले. गडद निळे, गुळगुळीत. सुंदरच झाले होते. वहिनीने दोन कप कप्प्यांत ठेवले, झाकण लावलं, पेटी कानाशी धरून हलवली.

खड खड.

तिने पेटी उघडली. कपाभोवती बोटभर जागा होती. तिने दुसरी पेटी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच.

"काका, हे कप लहान आहेत."

"लहान कसे असतील? तेच आहेत."

"मला दिला होता तो मोठा होता."

काकांनी कप हातात घेतला, पेटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "तो कच्चा होता ना, वहिनी. वाळला की आकसतो. भट्टीत गेला की आणखी आकसतो. सगळेच आकसतात."

"मग सांगायचं नाही का?"

"हे कुणाला सांगावं लागतं, असं कधी वाटलंच नाही. मला तो कच्चा दिसतच नाही. फळीवर असतानाच माझ्या डोळ्यांपुढे भाजलेला असतो."

रंग राहिलाय म्हणजे फक्त रंग राहिलाय, असं वहिनी धरून चालली होती. दोष कुणाला द्यायचा? नव्या पेट्या करायला ना वेळ होता ना पुठ्ठा. नवऱ्याने कापलेल्या कागदाच्या पट्ट्या कोंबून पाहिल्या. पहिल्यांदा हलवलं तेव्हा आवाज आला नाही. दुसऱ्यांदा हलवलं तेव्हा कागद दबला आणि कप परत वाजला. तिसऱ्यांदा हलवताना टवका उडाला. निळ्या काठावर एक पांढरा डाग. काका त्या डागाकडे पाहत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "नाहीतरी शेवटचीच भट्टी होती."

वहिनी पायरीवर येऊन बसली. शेजारी नणंद विणत होती. सुयांचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

"दादा," नणंद म्हणाली, "तुझ्या बायकोला म्हणावं, तो कप दे इकडे."

नणंदेने स्वतःच उठून कप घेतला. आपल्या टोपलीतला एक मोजा काढला. जाड, विटकरी रंगाचा. कप तिने मोज्यात टाचेपर्यंत सरकवला आणि वर उरलेला मोजा दुमडून कपाच्या आत खोचला. जोडीचा दुसरा मोजा दुसऱ्या कपाला. दोन्ही कप कप्प्यांत दाबून बसवले आणि झाकण लावलं.

पेटी तिने वहिनीपुढे धरली. वहिनीने ती कानाशी नेली, हलवली. जोरात हलवली.

काही नाही.

तिने पेटी नवऱ्याकडे दिली, त्याने काकांकडे. प्रत्येकाने हलवून पाहिली. मग काका खाली बसले आणि धोतर सावरावं तसा अंगातला एप्रन उगीच सारखा करत राहिले.

"वन्सं, तुमचा सुट्टीतला विकायचा माल आहे हा सगळा."

"दादा, सांग तिला, मोजे पायात गेले काय नि पेटीत गेले काय, गेल्याशी कारण."

माळ्यावरून मोज्यांचे गठ्ठे खाली आले. साबणवाली दुकान उघडं टाकून मदतीला आली. सुतार जोड्या लावायला बसला आणि दोनदा डावा-उजवा शोधत राहिला, तेव्हा साबणवाली म्हणाली, "मोज्याला डावा-उजवा नसतो हो. तुम्ही बूट घालता तरी कसे?" शेवटी रंग जुळेनात. काही पेट्यांत एक हिरवा नि एक पिवळा गेला. वहिनीला ते खुपलं, पण तिने डोळेझाक केली.

ऑफिसच्या बाई गाडी घेऊन आल्या. बाईंनी मधलीच एक पेटी ओढून काढली आणि कानाशी हलवली. मग उघडली.

"मोजे कुठे ठरले होते?"

"नव्हते ठरले," वहिनी म्हणाली. "कप सैल झाले. आमची चूक. मोज्यांचे वेगळे घेणार नाही."

बाईंनी मोज्यातला कप काढून बाजूला ठेवला, सँडल काढली आणि मोजा पायात चढवला. "आमच्या एसीत पाय गोठतात. सगळ्यांचे." पायाची बोटं हलवून पाहिली. "ही पेटी माझी. आणि मोज्यांचे पैसे घ्यायचे, कळलं? कुणी विणलेत?"

सगळ्यांनी नणंदेकडे पाहिलं. ती लोकरीचा गुंडा सोडवण्यात फार गुंतलेली होती.

गाडी वळून दिसेनाशी झाली. खोली एकदम मोठी वाटू लागली. वहिनी कापलेल्या पुठ्ठ्याच्या ढिगावर मटकन बसली. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. कुंभारकाका जायला निघाले होते. दारातून मागे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी मापाला कप देईन तो."

"भाजून द्या," वहिनी म्हणाली.

"भाजूनच," ते म्हणाले आणि गेले. पुढच्या वेळी असं आपण म्हणालो, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

संध्याकाळ होत आली होती. नणंद आतून दोन कप घेऊन आली. एक टवका उडालेला. तो तिने स्वतःकडे ठेवला, चांगला पुढे केला.

"वहिनी, चहा."

वहिनीने कप घेतला. तो गरम होता आणि त्याला कान नव्हता, म्हणून ती पदराने धरून बसली. "वन्सं, पुढच्या वर्षी मोज्यांना वेगळा कप्पा करते."

"कसा करणार? मोज्याला आकार कुठे असतो," नणंद म्हणाली आणि शेजारी ढिगावर जागा करून बसली.